बिनतिखटाची

गुरुवार. धनकवडीत नळाला पाणी नाही
म्हणून हॉटेलही बंद.
घरात भरलेल्या दोन बादल्या, एक पिंप,
आणि मी, एरवी या वेळेला
तर्रीच्या पातेल्याशी बोलणारा माणूस,
पोरीसोबत एकटा.

वैजू पहिल्या पाळीला निघताना सांगून गेली:
भात लावलाय. जिजा नुसता खात नाही.
तोंडी लावायला काहीतरी कर.
आणि हात धू.
जिन्यातून पुन्हा वर आली, म्हणाली, नीट धू.

अकरा वर्षं मी लाल रंगाचा नोकर.
गिऱ्हाईक नाक पुसत रस्सा मागतं
तेव्हा मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.
पण लेकीच्या गालाला बोट लावायचं
तर आधी स्वतःच्या डोळ्याला लावून बघतो.
एकदा न बघता लावलं होतं.
ती अख्खी रात्र
दुधात बुडवलेल्या फडक्यावर काढली आम्ही.

तर हात धुतले. बेसन लावून, मग लिंबू,
मग परत बेसन. पाऊण बादली गेली.

ओतूरचे दोन कांदे, सालासकट गॅसवर.
कांदा आधी हट्ट धरतो,
मग सुस्कारतो, बाजूने पाणी सोडतो,
आणि सगळा राग वरच्या काळ्या सालीत जाऊन बसतो.
साल सोलून टाकली.

मिक्सरच्या भांड्याला जन्माचा मिरचीचा वास.
खलबत्त्याला त्याहून जास्त.
शेवटी पेल्याच्या बुडाने ठेचले, वाटीतच.
दाणे भाजून लाटण्याखाली घेतले,
एकही कणी राहू नये म्हणून
बोटांनी चाचपत, पीठ होईपर्यंत.
जिरं. गुळाचा खडा, तिच्या नखाएवढा.
आमसुलाच्या पाण्याचे चार थेंब, तूप.
मीठ चिमटीत घेतलं,
निम्मं परत बरणीत टाकलं.

आणि हात आपोआप वर गेला, फळीकडे,
लाल झाकणाच्या डब्याकडे.
मीच माझं मनगट धरलं,
चोराचं धरतात तसं.

चाखली. काही कळेना.
चटणी कुजबुजत होती बहुतेक,
माझ्या जिभेला आरडाओरडाच ऐकू येतो.
म्हणजे चव सांगणारं घरात
एकच माणूस उरलं: दीड वर्षाचं, सहा दातांचं,
चड्डीवर, फरशीवर बसून
झाकणावर झाकण आपटणारं.

पहिला घास. थांबली.
भुवया वर. गिऱ्हाईक थांबतं अगदी तसंच,
आणि माझ्याही पोटात तोच गोळा.
मग म्हणाली, अज्जू.
भात बाजूला सारून नुसती चटणी, अज्जू,
पाची बोटं वाटीत,
पाची बोटं केसांत,
आणि मी तोंड पुसायला वाकलो
तर तीच बोटं सरळ माझ्या डोळ्यात.

मी डोळा गच्च मिटला.
आग व्हायची वाट बघत उकिडवा बसून राहिलो.

झाली नाही.
गार, तुपकट, थोडं चिकट.
मग पाणी आलं, ते कांद्याचंच असणार.
भाजलेल्या कांद्याने येत नाही,
हे मला कुणी सांगायला नको.

वाटीत चमचाभर उरलीय.
झाकून ठेवली वैजूला.
आल्यावर बघेल,
आणि वरून तिखट घालून घेईल.