काचपट्टी

फैजपूरला आमच्या वर्गात चौघं होतो,
पाचवा पंखा.
वीज गेली की भारंबे बाईंचा आवाज नीट ऐकू यायचा:
आधी नाव नको. साल नको.
नुसतं बघा, दहा मिनिटं.
वीज असली की स्लाइड हमखास उलटी पडायची,
सुरसुंदरी खाली डोकं वर पाय,
आणि बाई म्हणायच्या, राहू दे,
उलटं असलं की वजन कुठे पेललंय ते कळतं.

घरी केळी पिकवायच्या खोल्या.
अण्णा दारातूनच सांगायचे,
हा घड परवा, हा सोमवारी,
हा दिल्लीला पोचेपर्यंत.
त्यांनी एकदाच विचारलं,
'कलेचा इतिहास. मंग माणूस काय होतो याच्यातून?'
मला उत्तर आलं नाही.
ते एका केळावरचा काळा ठिपका
अंगठ्याने पुसत राहिले.

रुबाब तडवीने तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं.
आता लग्नाच्या स्टेजमागे थर्माकोलचे खांब उभारतो.
त्याच्या प्रत्येक खांबाला तळखडा असतो,
वर शीर्ष, मध्ये कीर्तिमुख,
जेवणाच्या पंगतीतून ते कुणाला दिसत नाही.
हर्षाली पतपेढीत आहे, खोटी सही पकडते,
रेघ कुठे थबकली ते पाहून.
चौथ्याचं नाव आठवत नाही मला.
मोराच्या मानेचं त्याने केलेलं चित्र आठवतं,
फक्त मान,
मोर काढायला तास पुरला नाही.

आणि साक्रीच्या पुढे एक देऊळ आहे,
गाभाऱ्याच्या उजव्या भिंतीला भेग.
भेगेवर मी काचेची पट्टी बसवली आहे,
बोटभर रुंद, दोन्ही टोकांना प्लास्टर, खाली तारीख.
भिंत हलली तर काच तडकते.
एवढंच काम.
महिन्यातून एकदा एसटीने जायचं,
टॉर्च मारायचा, वहीत लिहायचं.
पगार कंत्राटी, येतो तेव्हा येतो.
अण्णा फोनवर आधी माझी चौकशी करत नाहीत,
'भेग काय म्हणते?' विचारतात.

ओट्यावर धुरपतामाय शेंगा फोडत बसलेली असते.
'काच फुटनी का वं?'
'नई फुटनी.'
'मंग दर महिनाले कायले येस तू?'
'देखाले.'
ती हसते. पदरातले दाणे
माझ्या ओंजळीत ओतते, भाजलेले,
एखादा जळका.

या खेपेला टॉर्च तिरपा धरला
तेव्हा काचेवर ठसे दिसले,
दोन बोटांचे, बुटके,
टरफलांची धूळ लागलेले.
एकावर एक, पुष्कळ दिवसांचे.

माझ्या वहीत रकाने चार:
तारीख, तापमान, भेगेची रुंदी, शेरा.
शेऱ्यात मी नेहमी 'काच शाबूत' लिहिते.
आज पुढे लिहिलं,
'मी नसताना कुणी तरी बघतं आहे,'
आणि पट्टी न पुसता
परतीची एसटी धरली.