परिशिष्ट दोन

'उपक्रम व उपलब्धी' या रकान्यात
दोनशे शब्द मावतात.
सर म्हणाले, काटेकोर लिहा, पाल्हाळ नको.

तर काटेकोर.
शोधनिबंध चार. पेटंटचा अर्ज एक, अजून कुठल्या टेबलावर आहे कळत नाही.
विद्यार्थी सहा, त्यातली एक लग्न ठरल्यावर यायची थांबली.
अंड्यांची टरफलं, एकशे बारा किलो,
सायबर चौकात दस्तगीरभाईंच्या गाडीवरून
रात्री अकराला, माझ्या स्कूटीच्या डिकीतून.
वास अजून गेलेला नाही. त्याला रकाना नाही.

टरफलात चुना, हाडातही चुना,
मधे आग आणि फॉस्फरसचं आम्ल.
घरी मी एवढंच सांगते.
आई विचारते, मग पाच वर्षं कशाला?

साचा उद्यमनगरात कातून घेतला, दहा मिलिमीटरचा.
दोनदा बिघडला. तिसऱ्याचे पैसे
विलास सुतारांनी घेतले नाहीत,
"हाडं करताय म्हणं, ऱ्हाऊ द्या."
आभारांत त्यांचं नाव घातलंय. स्पेलिंग तपासायचंय.

आणि आप्पा मगदूम, प्रयोगशाळा परिचर.
रुकडीहून येतात. दिवस मावळायच्या आत जेवतात.
चातुर्मासात डब्यात बटाटासुद्धा नसतो.
टरफलांच्या पिशवीला त्यांनी कधी हात लावला नाही,
मी धुवायची, मी वाळवायची, मी कुटायची.
भट्टी मात्र त्यांची.
नऊशे अंशांवरून पांढरी भुकटी बाहेर आली
की तळहातावर घेऊन म्हणायचे,
"आता ही कुणाचीच न्हाई. आता चालतंय."

फेब्रुवारीत चाळीस चकत्या तडकल्या.
आम्ही भुकटी बदलली, दाब बदलला,
पाण्यावर संशय घेतला, एकमेकांवरही थोडा.
तीन आठवड्यांनी आप्पाच दारात उभे राहिले.
"दार मीच लवकर उघडत हुतो, बाई.
गार व्हायची वाट बघितली
तर पावणेसहाची पॅसेंजर जाती,
घरी पोचंस्तवर अंधार पडतो,
मग जेवणच ऱ्हातं."

कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवसापासून ते दोन डबे आणू लागले.
पाच वाजता खिडकीपाशी बसून दुसरा खायचे,
बाहेर मोर ओरडायचे,
आत भट्टी मिनिटाला दोन अंशांनी उतरायची.
एकही चकती तडकली नाही.

मग पेशी.
त्यांनी चकतीवर पाय रोवले, पसरल्या,
एकीनं दुसरीला धरलं.
सूक्ष्मदर्शकावर सगळ्यांनी रांग लावली.
आप्पांनी चष्मा काढून पाहिलं, पुष्कळ वेळ.
"हालत्यात?"
नाही, आता नाही. मोजण्याआधी औषधात बुडवाव्या लागतात.
"म्हंजी मेल्या?"
हो.
"मोजायला?"

मी काहीतरी सांगितलं.
ते काचा धुवायला गेले.
नळ नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू होता.

अहवालात आकडा गेला:
पेशी जिवंत राहण्याचं प्रमाण, ब्याण्णव टक्के.
रकान्यात दोन शब्दांपुरती जागा उरली होती.
मी पुढे लिहिलं, नवव्या दिवसापर्यंत.
सरांनी विचारलं, हे कशाला?
म्हटलं, काटेकोर.