चौदावं मिनिट

पेडणे. जेवणानंतरचा तास.
नाझारेथबाईंनी ग्रंथालयाचा पासवर्ड चिठ्ठीवर दिलाय:
"बुधवारी मुदत संपते हां, सर."

पडद्यावर कुठलासा थंड समुद्र.
म्हातारा जाळं ओढतो,
ओढतो,
आणि अडकतो. हात हवेत, लाट अर्धी,
मधोमध गरगरतं चक्र.

मी वायर हलवतो.
मागच्या बाकावरून मोरजीची शेटगांवकर,
जूनपासून जिचा आवाज ऐकला नव्हता:
"एकटाच कसा ओढतो, सर?
आमच्या रापणीला तीस माणसं लागतात.
आणि ती गाठ बघा. डावखुरा आहे तो."

सगळे गाठ बघतात.
मीही.
सहा वर्षं शिकवतोय हा चित्रपट.

पुन्हा कधी सुरू झाला, कळलं नाही.
बघितलं तेव्हा
मासे विकूनही झाले होते.