सातवा भाग

वार्डोला नोव्हेंबरात सूर्य जातो
आणि अर्धा जानेवारी उलटेपर्यंत तोंड दाखवत नाही.
त्या दिवसांत गुन्हे बरे वाटतात,
म्हणजे टीव्हीवरचे.
बेटावर शेवटची चोरी झाली ती हाल्वारच्या सायकलची,
आणि ती त्यानंच पिऊन
मासे वाळवायच्या मांडवावर टांगली होती.

रविवारी आठच्या ठोक्याला आम्ही चौघं
तोरुनच्या एकटीच्या घरी.
एल्से-मारीची वाफल्स, रानबेरीचा मुरंबा.
आस्लाक बूट काढता काढताच निकाल देतो: "नवराच."
अजून कोणी मेलेलंही नसतं.

मालिका दक्षिणेतली, ऑस्लोची. काचेच्या इमारती
आणि इन्स्पेक्टर राग्ना:
झोप नाही, घरदार नाही, टोपी नाही.
ऐन थंडीत बोडक्या डोक्यानं प्रेतं तपासते पोर!
एल्से-मारीनं एका हिवाळ्यात टोपी विणून
स्टुडिओला पाठवलीसुद्धा.
पोच आली नाही. पुढच्या भागातही डोकं उघडंच.

हाल्वार भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे
संशयितांची नावं लिहितो. पेन्सिलीनं.
शाईनं लिहिलेल्या माणसाला माफ करता येत नाही म्हणे.
तोरुन डोळे मिटून बसते.
चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढलेली बाई,
म्हणते, "चेहऱ्याला शिकवता येतं. श्वासाला नाही."
तिसऱ्या भागातच तिला सगळं कळलेलं असतं.
सांगत नाही,
टाके मोजत राहते
आमचं पितळ उघडं पडेपर्यंत.

सातव्या भागाच्या आधीच्या शुक्रवारी
तिला विमानानं किर्केनेसला नेलं.
"इंजिन खोकतंय," स्ट्रेचरवरून म्हणाली,
"मांजराला हेरिंग देऊ नका."

त्या रविवारी ज्यानं त्यानं आपापल्या घरी पाहिलं.
एकत्र बसायची गोष्ट कोणी काढलीच नाही.

बुधवारी गाडी काढली. समुद्राखालचा बोगदा,
मग साडेतीन तास काळोख आणि रेनडिअरचे डोळे.
तोरुन उशीला टेकलेली, नाकात नळी.
"सांगा," म्हणाली. "काय झालं?"

आस्लाकच्या सातव्या भागात
नवरा दहा मिनिटं धडधडीत खोटं बोलत होता.
माझ्या भागात बोटींच्या शेडमध्ये एक फोन वाजत होता
आणि कोणीच उचलत नव्हतं.
एल्से-मारीला फक्त पडदे आठवत होते, आणि ती
ओठ दाबून बसली होती, काहीतरी शेवटाला राखून.
"हो ना, तो फोन," हाल्वार म्हणाला. "फार वाईट झालं."

तोरुननं डोळे मिटले.
"हाल्वार, राग्नाच्या डोक्यावर काय होतं?"
"काय असणार? नेहमीसारखं. काही नाही."

एल्से-मारी किंचाळलीच.
टोपी! सातव्या भागात राग्नानं टोपी घातली होती!
करडी, कानांपर्यंत. विण माझीच,
मी कुठेही ओळखीन!

"वॉर्डात टीव्ही आहे," तोरुन शांतपणे म्हणाली.
"तळवे दाखव."

दोन्ही तळव्यांवर फोड, फावड्याच्या दांड्याचे.
"रविवारी रात्री आठला कुठे होतास?"
हाल्वार आपल्या बुटांकडे बघत राहिला.
"पायऱ्यांवर तुझ्या. कमरेइतका बर्फ होता.
येशील तेव्हा दार उघडायला हवं ना."
"साक्षीदार?"
"मांजर."
"काय म्हणतं?"
"हेरिंग मागतं."

उशाशी यंत्रावरची हिरवी रेघ
उगाच दोनदा उडाली.
नर्स डोकावून गेली. बराच वेळ
कोणाला काही सुचेना.
मग आस्लाक खिडकीकडे तोंड करून
पुटपुटला, "नवराच."

आठव्या भागात खुनी कोण निघाला म्हणाल तर
मला धड आठवत नाही. बँकेतला कोणीतरी.
आमच्यापैकी एकाच्याही यादीत नव्हता.
तोरुन म्हणते,
तिला तिसऱ्या भागातच कळलं होतं.
कशाबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.