चार बोटं कमी

इनास मेस्त लाकूड आधी हुंगतो.
डिचोलीच्या वखारीत मालक टेप घेऊन उभा,
आणि हा फळीच्या टोकाला नाक लावून,
बांगडा आजचा की कालचा ते बघावं तसा.
"साग नको," म्हणाला. "साग दारांना. साग जावयाला दाखवायला."
फणस उलटापालटा केला, गाठीवर नख मारलं, ठेवला.
मट्टीला तर हातच लावला नाही:
"हिच्यात बसलीस, तर मांडवीच्या तळाशी
पोस्टाची नवी शाखा उघडशील."

एकतीस वर्षं दिवाडीच्या पोस्टात काढली मी.
फेरीबोटीच्या कठड्याला टेकून थैल्या नेल्या,
नदी रोज दोनदा ओलांडली
आणि बोटं एकदाही ओली झाली नाहीत.
आता मला हवी आहे अरुंद होडी,
पाण्याच्या इतकी जवळ की
खेकड्याने सोडलेला बुडबुडा मांडीला कळावा.
लाकडाचा सांगाडा, वर शिवलेलं कापड, कातड्यासारखं ताणलेलं.
खिळा नाही. नुसती दोरीची बांधणी.

ही दूरच्या बर्फातल्या माणसांची रीत, मी त्याला सांगितलं.
त्यांच्याकडे झाडं नव्हती,
समुद्र जे ओंडके आणून टाकील त्यातून निवडायचं.
इनास विडी विझेपर्यंत गप्प.
मग म्हणाला, "झाडं नसलेले सुतार.
त्यांना लाकूड कळत असणार."

वरच्या दोन लांब दांड्यांना शिवण मिळाली,
हलकी, फिकी, बघणाऱ्याला काहीच न सांगणारी.
त्याने ती उन्हात धरली आणि एका डोळ्याने
तिची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.
मध्येच रेष बाहेर पडली की फळी परत.
अकरा फळ्या परत.
मालकाने चहा सांगितला, स्वतःपुरता.

पट्ट्यांसाठी सावईवेऱ्याचं कुळागर,
वाऱ्याने आडवी झालेली पोफळ.
ती त्याने करवतीने कापली नाही, कोयत्याने फोडली.
करवत आपल्याला हवं तिथून जाते, म्हणाला,
कोयत्याला झाडाला विचारावं लागतं.
वांकांना वेत. तो विहिरीत भिजत घातलाय,
शेजारची फिल्सू रोज येऊन विचारते,
"टोपली किती मोठी गो ही?"

आणि मग माप.
ही होडी अंगाच्या मापाची, चोळीसारखी,
लांबी बसणाऱ्याचे तीन वाव.
मेस्त मला हात लावेना. सुतळी दिली,
दाराच्या चौकटीत हात पसरून उभी राहा म्हणाला.
डावा गेला सरळ.
उजवा कोपराशी थांबला, नेहमीसारखा.
धक्क्याच्या उतारावर शेवाळ होतं त्या श्रावणात,
मी थैली सोडली नाही, हात मोडला.
कोरडी पत्रं पोचली. हाड वाकडं जुळलं.

"चार बोटं कमी," मी म्हटलं.
"डावा दुप्पट धर, म्हणजे हिशेब बरोबर येईल."
"होडीत कोण बसणार? हिशेब?"
त्याने सुतळीला तिथेच गाठ मारली.
तीन वावांत बारा बोटं. होडी एक वीत आखूड.

नाळेचं लाकूड मात्र महिनाभर मिळेना.
सरळ फळीतून बाक कापून काढायला तो तयार नव्हता,
कापलेला बाक पहिल्या दगडाला मोडतो म्हणे.
शेवटी चोडणच्या बांधावर एक भेंड,
खाऱ्या वाऱ्याने वाढता वाढता वळलेला,
आत रेषासुद्धा वळलेल्या, एकही तुटलेली नाही.
इनासने फांदी बघितली.
मग माझ्या कोपराकडे.
मग म्हणाला, "कोयता दे."

आता सगळं बलकांवावर सावलीत सुकतंय.
रात्री दिवा घालवण्याआधी मी एकेक फळी उचलून हुंगते.
भेंडाला येतो काहीतरी, ओल्या मिठासारखा.
शिवणीला वासच नाही, मी त्याला सांगते.
तो ऐकून घेतो,
वाकतो,
आणि पुन्हा हुंगतो.