पाचवं रीळ

लहानूजी खानझोडे, माझ्या आईचे मामा,
'संगीत कंकणभंग'चे प्रॉम्प्टर.
विंगेत कंदिलाशेजारी स्टुलावर बसून
दुसऱ्यांना त्यांचे शब्द पुरवायचे.
मग कंपनी बुडाली. मालकानं
कपडेपट विकला, पायपेटी विकली
आणि त्या पैशात नाटकाचा सिनेमा काढला.
मुका.
एकोणतीस पदं होती नाटकात.

नाटकातली नदी म्हणजे निळं लुगडं,
दोन टोकांना धरून दोन पोट्टे हलवायचे.
सिनेमात अंबाझरीचा तलाव, पौषातली सकाळ,
आणि उमरेडची मैना
नऊवारीत, छातीपर्यंत पाण्यात.

बर्डीवर तंबू लागला.
वाचता येणारे मागे, खुर्च्यांवर.
पुढे सतरंजीवर बसलेल्यांसाठी
मामा पडद्याला लागून उभे,
हातात तीच वही, कंदिलाच्या तेलाचे डाग पडलेली.
पाचव्या रिळात मैनेचे ओठ हलले की म्हणायचे,
"सरिते, घे मज उदरी!"
बाया पदर डोळ्यांना लावायच्या.
एकदा कोणीतरी पडद्यावर चवली फेकली,
ती तिच्या गालाला लागून खाली पडली.

रिळांचा शोध मी फार उशिरा घेतला.
इतवारीत, सराफ्यातला एक म्हातारा म्हणाला,
आमचे आजोबा घ्यायचे असला माल, वजनावर.
कॉस्टिकमध्ये उकळायचा, तळाला चांदी बसते.
उरलेल्या पट्ट्या कासार न्यायचे,
बांगड्या छान होतात त्याच्या, हलक्या.
किती निघत असेल चांदी?
त्यानं हवेत बोटं हलवली, काट्यावर ठेवल्यासारखी:
पाच रिळं ना? आठ-दहा तोळे.
तोरड्यांचा एक जोड, समजा.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
महालातल्या खोलीत, शेवटच्या आठवड्यात,
मामांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत.
म्हणाले, ते वाक्य ती बोललीच नव्हती.
मी जन्मभर ओठांकडेच पाहिलं ना पोरी,
कोण कुठं अडकतो, ते ओठांवर आधी दिसते.
ती म्हणत होती,
"मले पव्हता येत नाही, बाप्पा."
दोनदा म्हणाली.
सतरा दिवस, रोज दोन खेळ,
मी वहीतलं वाचत होतो.

मी विचारलं, मग?
मग काय. हँडलवाला फिरवत राहिला,
रीळ महाग असते.

आणि तिला काढलं ना बाहेर?

मामांनी तोंड उघडलं.
ओठ हलले थोडे, थांबले.
मग माझ्याकडे बघत राहिले,
भर प्रवेशात वाक्य हरवलेला नट
विंगेकडे बघतो तसे.
आणि माझ्या हातात
पाण्याचा पेला होता फक्त.