पांढरी पाचच्या जरा वर

फाल्गुनात बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
गाठ निघाली. आवाज राहिला,
पण एवढासाच,
दार लोटून आतून कुणी बोलावं तसा.
पूर्वी माइक पुढे केला की म्हणायच्या,
'मला काय निवडणुकीला उभं केलंय?'
आता म्हणाल्या,
'सतरा बंदिशी कुणाला दिल्या नाहीत अजून.
आण, काय ते तुझं यंत्र.'

औषधांच्या दुकानात हिशेब लिहितो मी.
महिनाभर वहीच्या मागच्या पानावर
दुसराच हिशेब चालला होता:
किती गेन, आणि त्या गेनपोटी किती खरखर.
बारीक गळा मोठा करायला जावं
तर त्याच्या तळाशी जे बसलेलं असतं
तेही उठून उभं राहतं.

नई सडकेवर नफीस म्हणाला,
'आठ चैनल वाला ले जाओ, लाइटें तो देखो इसकी.'
आठांचं काय करू?
एक गळा, एक तानपुरा.
कानाला हेडफोन लावला, डबीला काहीच जोडलं नाही,
बटण शेवटपर्यंत पिळलं
आणि एकेकीचं रिकामेपण ऐकत बसलो.
एकीत कढई तापत होती.
एकीत लांबवर कुणी तांदूळ पाखडत होतं.
तिसरी जुनी, कोपऱ्याला पोचा पडलेली,
ती गप्प.
नफीस हसला. 'इसमें तो कुछ आ ही नहीं रहा.'
मी म्हटलं, हीच दे.
स्कूटरच्या इंजिनाचं काम पुढच्या साली बघू.

जनकगंजात, ज्येष्ठातल्या दुपारी,
खिडक्यांना गाद्या टेकवल्या.
फ्रिज बंद, दूध शेजारच्या मोघ्यांकडे.
पंखा बंद. घड्याळ न्हाणीघरात, टॉवेलात गुंडाळून.
बाईंनी बांगड्या काढल्या, पदरानं मान पुसली,
हेडफोन चढवला
आणि कपाळाला आठी.
'कोण छेडतंय?'
'कुणी नाही, बाई.'
'पांढरी पाच धरलीय. जरा चढी आहे.
उतरवायला सांग त्याला.'

विजेचा पन्नासाचा फेरा
चौपट होऊन
बाईंच्या षड्जाला खेटून बसला होता.
लॅपटॉपचा चार्जर उपटला, गेला.
लावला, आला.
बॅटरी म्हातारी, अठरा मिनिटांत मान टाकते,
आणि बाईंचा विलंबित काही अठरात आटपत नाही.
केबल बदलली. दुसऱ्या खोलीतून वायर ओढली.
नफीसला फोनवर दोन शब्द जास्तच बोललो.
डबीचा दोष नव्हता.

रामसेवक कुशवाह आला, बोर्ड उघडून वास घेतल्यासारखं केलं,
मग सरळ परसात,
पेरूखाली, पाचोळा सारून,
तांब्याची हिरवी पडलेली पट्टी दाखवली.
'सूखी पड़ी है, बाईजी.
बीस साल से किसी ने इसको पानी नहीं पिलाया.'
खडेमीठ, कोळसा, तीन बादल्या पाणी.
मातीनं घटाघटा आवाज केला.
चौथी बादली बाईंनी स्वतः ओतली,
हळूहळू, लोट्यानं.
टाके दुखत असतील, पण तोंडानं नाही म्हणाल्या.

संध्याकाळी पुन्हा बसलो.
बाई ऐकत राहिल्या. काही म्हणेनात.
मला वाटलं, वायर सुटली.
'सुटलंय का काही?'
'नाही रे. आपलं घर इतकं रिकामं असतं
हे माहीत नव्हतं.'
मग गायल्या.

अकरा झाल्या. सहा उरल्यात.
तीनमध्ये अंतरा आठवत नाही,
दोघं मिळून शोधतो आहोत.
दर रविवारी आधी परसात जातो, मग खोलीत.
मागच्या खेपेला उशीर झाला, विसरलो,
थेट माइक लावला.
मला काही ऐकू येत नव्हतं, पडद्यावरही सरळ रेघ.
बाईंनी हात वर केला.
'चढतेय बघ ती परत.
ऊठ. पाणी घालून ये.'